फ्रंटलोड गळतंय? ओटीपी तयार ठेवा

फ्रंटलोड वॉशिंग मशीनखाली पाणी दिसलं की पहिल्यांदा घरातले सगळे जुने पंचे तिथे अंथरा. भिजले की धुवायला टाका. कुठे, ते विचारू नका.

मग यूट्यूब लावा. तुमचं मशीन सोडून बाकी सगळ्या मॉडेलचे व्हिडिओ सापडतील.

आता फिल्टर. मशीनच्या खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक झाकण असतं, त्यामागे तो बसवलेला असतो. जमिनीपासून इतका खाली, की तिथे परातसुद्धा सरकत नाही. बऱ्याच मशीनना शेजारी एक बारीक नळी असते, आधी तिच्यातून पाणी काढून घ्यायचं. तसं माहितीपुस्तिकेत छापलंय आणि पुस्तिका माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात आहे. तेव्हा सरळ फिल्टरच फिरवा. टबातलं पाणी ड्राय बाल्कनीतून निघून हॉलपर्यंत जाईल आणि खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतील. त्यांना आत घ्या, चहा ठेवा आणि फिल्टरमध्ये काय काय निघालं ते दाखवा: दोन रुपयांचं नाणं, यू-पिन, ब्लाउजचा हूक आणि औषधाच्या बिलाचा लगदा. दोन रुपये वसूल झाले.

पावडर सढळ हाताने घाला. बादलीत कपडे भिजवायची असली तरी चालेल. फेस खणातून बाहेर पडून लादीवर आला की लादीही स्वच्छ होते, वेगळे पैसे पडत नाहीत.

दारातल्या रबराची, म्हणजे गॅस्केटची, घडी कधीही उलटून पुसू नका. तिच्या तळाशी पाणी परत टबात जायला बारीक भोकं असतात. ती गाळाने बुजली की तिथे डबकं साचतं, वास सुटतो, काळी बुरशी धरते. टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायटीत क्षारांचा पांढरा थरही फुकट मिळतो.

एवढं करूनही गळतंच, तर कंपनीला फोन करा. हा उपाय रामबाण. मी नुकताच केलाय.

आधी हिंदीसाठी दोन दाबा. मग मॉडेल नंबर सांगा. तो मशीनच्या मागे चिकटवलेला असतो आणि मशीन भिंतीला चिकटलेलं असतं. मग सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान माणूस येईल, तेव्हा रजा टाका. सहाला पाच कमी असताना तो येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मॅडम, साहेब नाहीत का घरी?" नाहीत. मशीन माझं आहे, पैसे मी भरलेत, गळती मी पुसतेय. बोला.

तो बोलला. मशीन चालू केलं नाही, वरचं झाकण काढलं नाही. दारातून मोबाइलचा टॉर्च मारला, ड्रम हाताने एकदा फिरवला आणि म्हणाला, "टब गेला. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." किंमत सांगितली. तेवढ्यात धाकटं एखादं मशीन आलं असतं. मी म्हटलं, पाणी अडवणारा नुसता सील बदला. "सुटा येत नाही मॅडम, टब सीलबंद असतो. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या. नाहीतर एएमसी करा." एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारात, टब येतो का? "टब नाही येत." "बरं, क्षार काढायची पावडर तरी देऊ का?" आणि मग जिन्यात पोचलेला हा गृहस्थ परत येऊन म्हणतो, "तेवढा एक ओटीपी सांगा." कशाचा? "व्हिजिट क्लोज करायचा." मशीन अजून गळतंय! "हो मॅडम, पण व्हिजिट झाली ना." पुढे मेसेज: आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. त्याच्यापाठोपाठ दुसरा: दहापैकी किती गुण द्याल?

अहो, गळतं कधी, एवढं तरी विचारायचं! सगळं निदान त्यात आहे. पाणी भरताना गळलं तर नळाकडचा पाइप, त्याचा वॉशर किंवा पावडरचा खण. कपडे घोळताना दारातून आलं तर गॅस्केट. पाणी सोडताना आलं तर पंप नाहीतर ड्रेन पाइप. फक्त स्पिनला आलं आणि सोबत घरघर असली, तर ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग आणि सील. टबाचं नाव तेव्हा काढा. माझं मशीन पाणी भरतानाच गळत होतं. चौकातल्या दुकानातल्या मुलाने प्लग काढला, मागचे दोन स्क्रू सोडवले, वरचं झाकण सरकवलं. पावडरच्या खणातून टबाकडे जाणाऱ्या रबरी पाइपची क्लिप निसटली होती. त्याने पक्कडीने बसवली. क्लिपचे पैसेसुद्धा घेत नव्हता.

युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग १० वर्षं उपलब्ध ठेवायची सक्ती आहे. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही काढलं. छान. आणि माझ्या दारात उभा असलेला माणूस अजून म्हणतोय, सुटं येत नाही. कंपनीवाल्यांनो, बेअरिंग झिजणार हे तुम्हाला माहीत आहे, तरी त्याच्याभोवतीचा टब असा चिकटवून टाकता की बेअरिंगसाठी अख्खा टब विकता यावा. वर तो विकायचं टार्गेट त्या पोराच्या डोक्यावर ठेवता, म्हणून तो झाकण उघडत नाही. लाज वाटू द्या जरा.

आणि तुम्ही! "जाऊ दे, बिचारा उन्हातून आला" म्हणत ओटीपी सांगता, वर पाच स्टार देता, म्हणून हे चालतं. काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. त्याच्यासमोर मशीन एकदा पूर्ण चालवायला लावा. टब गेला म्हणाला तर कशावरून, ते लिहून मागा. तरीही तक्रार परस्पर बंद केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे लावा फोन.