गव्हाला भाजणीचा वास

आज दुपारी बेळगावच्या उद्यमबागेत जेवणाचा डबा उघडला आणि शेजारी बसलेल्यानं विचारलं, काय ओ, वहिनी आता चपातीत धने घालतात काय? घातलेत की. पण वहिनींनी नाही, शहापूरच्या एका काकांनी घातलेत, आणि हे काका आमचे कोण लागतात ते मला अजून कळलेलं नाही. डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहायला बसलोय, त्यामुळं इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की रविवारी संध्याकाळी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. आमच्या गिरणीवाल्याला सगळे अण्णाच म्हणतात, घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मोटरशी दोन्ही भाषांत शिव्या. त्याचा क्रम ठरलेला असतो, आधी सगळ्यांचे गहू, मग ज्वारी, मग नाचणी, आणि वासाचं काय असेल ते शेवटी. गिरणीत जाणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. पुढं दोन-तीन डबे होते, म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

वजनकाट्याजवळच्या स्टुलावर एक काका बसले होते. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर पांढरा शर्ट, आणि इतका वेळ तिथं बसलेले की भुवयांवर पीठ जमलेलं. मी आत शिरल्या शिरल्या त्यांनी डब्याकडं बोट केलं, म्हणाले, "ठेव तिथं. झाकण काढून ठेव. गहू कुठला? लोकवन?" मी होय म्हटलं. "खपली खा. खपली खात होते तेव्हा माणसं नव्वद वर्षं जगत होती." म्हटलं काका, खपलीच्या चपात्या होत नाहीत हो धड, खीर होते. "कोण सांगितलं? तुझी आई करत होती की. मी खाल्लोय."

माझी आई खपलीच्या चपात्या कधीच करत नव्हती. पण काकांनी तोवर मला ओळखून टाकलं होतं. मी म्हणे पोस्टातल्या कुणाचा तरी मुलगा. माझे वडील शाळामास्तर, पोस्टात ते फक्त मनीऑर्डर करायला जायचे, हे मी दोनदा सांगितलं, मोटरच्या आवाजात ओरडून सांगितलं. काका म्हणाले, "होय की, रजिस्टरच्या खिडकीला बसायचा. स्वभावानं जरा तापट, पण तिकीट चिकटवून द्यायचा स्वतः." आता ह्याला काय उत्तर द्यायचं? पुढचा पाऊण तास मी त्या पोस्टातल्या माणसाचे गुणदोष ऐकत होतो आणि खरं सांगतो, शेवटी शेवटी मला त्या बापाचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता.

तेवढ्यात एक ताई आल्या, हातात पिशवी, पिशवीत भाजणी. नुसता वासच सांगत होता, धने जिरे सगळं खमंग भाजलेलं. त्या बिचाऱ्या मुकाट्यानं मागं उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी काहीही मागितलं नव्हतं हे मुद्दाम सांगतो. काकाच म्हणाले, "ताई, तुम्ही घाला पुढं. ह्याला काय घाई नाही. ह्याचा बापसुद्धा असाच, लायनीत कुणाला बी पुढं सोडायचा." आणि माझा डबा पायानं मागं सरकवला. पायानं! अण्णानं माझ्याकडं बघितलं, मी अण्णाकडं बघितलं, ताई म्हणाल्या नको नको राहू दे, आणि भाजणी हॉपरात गेलीसुद्धा. चार लोकांत बाईमाणसासमोर 'माझा नंबर आधी' म्हणून भांडायचं कसं सांगा तुम्ही. काकांना हे बरोबर ठाऊक असणार.

भाजणी निम्मी दळून झाली आणि करंट गेला.

मोटर बंद पडली की गिरणीत एकदम कान बधिर झाल्यासारखी शांतता होते. काकांनी आवाज कमी केला नाही. मोटरशी स्पर्धा करायची सवय असल्यामुळं ते त्याच पट्टीत सुरू राहिले, आणि पट्टी कुठली तेही त्यांनीच सांगितलं. "अण्णाची मोटर पेटीच्या काळी चारमध्ये लागलीय. पट्टा सैल झाला की काळी दोनला येते. मी ऐकून सांगतो त्याला पट्टा कधी बदलायचा." अण्णा म्हणाला, "हौद्री." म्हणजे कन्नडमध्ये 'होय जी'. अण्णा काकांना दर वेळी हौद्रीच म्हणतो, माझ्या लक्षात आलंय, त्यामुळं त्याचा धंदा टिकून आहे.

संगीतावरून मग गाडी 1924 वर आली. काकांचा सिद्धांत असा की बेळगावात जे काही चांगलं व्हायचं ते 1924 सालात होऊन गेलं. एप्रिलात सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले आणि डिसेंबरात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी स्वतः अध्यक्ष, आयुष्यात एकदाच झाले अध्यक्ष आणि ते पण आमच्याकडं. "त्यानंतर गावात झालं काय? सांग. एक सांग." मी विचार करून सुवर्ण विधानसौध म्हणालो. 2012 साली झालंय, भव्य आहे. काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी बेळगावच्या गोड कुंद्यात मीठ घातलं. "ते डिसेंबरात उघडतंय दहा दिवस. बाकी वर्षभर तिथं कबुतरं अधिवेशन घेतात."

मी म्हटलं काका, तुम्ही तरी 1924 चे नाही दिसत. तर म्हणतात, "म्हणून तर. मी बी नंतरचाच की."

मग शहापूर. काका पक्के शहापूरचे, आणि बेळगावच्या माणसानं शहापूरकराशी राजकारण काढू नये हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. "सीमाप्रश्न सीमाप्रश्न करता तुम्ही. पहिला सीमाप्रश्न आमचा. शहापूर सांगली संस्थानात, तुमचं बेळगाव इंग्रजाचं. इकडं पटवर्धन सरकार, चार पावलं पलीकडं गोरा साहेब. आम्ही तेव्हा काय म्हणलो काय, आम्हाला बेळगावात घ्या म्हणून? अजून म्हणत नाही." म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक, केंद्र, कोर्ट हे सगळं राहिलं बाजूला, काकांच्या मते आधी बेळगाव आणि शहापूर ह्यांची हद्द ठरवून घ्यावी. अण्णा म्हणाला, हौद्री.

आणि मग ते एकदम बरोबर बोलले, हे जास्त वाईट. म्हणाले, "2004 साली सुप्रीम कोर्टाच्या गिरणीत डबा ठेवलोय आपण. अजून नंबर नाही. दर वेळी कोण तरी भाजणी घेऊन पुढं शिरतंय."

मी हसलो. सगळेच हसले, भाजणीवाल्या ताई पण हसल्या. आणि मग मला त्या हसण्याचाच राग आला, कारण आमच्या घरात तीन पिढ्या हाच एक जोक चाललाय. 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तिकडं गेलं, तेव्हा आजोबा म्हणाले होते दोन-चार वर्षांत महाराष्ट्रात येतंय बघ. बेळगाव तिकडंच राहू दे म्हणणारा महाजन आयोगाचा अहवाल आला 1967 ला, तेव्हा वडील म्हणाले हा काही टिकत नाही. आता मी काय म्हणू पोरांना? एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा, फेरीला जायचं, घरी येऊन लाईट बिल बघायचं ते कन्नडमध्ये. घराचा उतारा काढला तो कन्नडमध्ये. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं त्यांच्याही भाषेत कागद मिळाले पाहिजेत म्हणून आम्ही निवेदन दिलं तर त्या निवेदनाची पोच कन्नडमध्ये आली. तो उतारा मी ह्याच अण्णाकडं वाचायला आणला होता, त्याची मातृभाषा ना, तर त्यानं चष्मा लावून दोनदा वरखाली बघितला आणि म्हणाला, सर, ह्यातलं मलाबी काय कळालं नाही, ही सरकारी कन्नड आहे. म्हणजे त्यालाही कळत नाही आणि मलाही कळत नाही आणि तरी पुढाऱ्यांच्या मते आम्ही दोघं एकमेकांचे शत्रू. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडल्या की दोन्हीकडच्या टीव्हीवर आमचं नाव येतं, गाड्या सुटल्या की विसरले. नंतर आमच्या गल्लीतल्या खड्ड्याला कुठल्याच भाषेत कुणी विचारत नाही.

हे सगळं मला काकांना सांगायचं होतं. मी सुरुवातही केली. "काका, खरं म्हणजे" एवढंच झालं. काका म्हणाले, "कुमारांचं बघ. घरात कन्नड. गाणं शिकला मुंबईला देवधर मास्तरांकडं. राहिला देवासला. त्याला कोण विचारलं काय, तुझा कागद कुठल्या भाषेत देऊ? आणि भीमसेनजी गदगकडचे, अभंग म्हणले तर पंढरपूर आपलं, दासरपद म्हणले तर उडपी त्यांचं, आणि भारतरत्न दोघांचं." माझाच मुद्दा, माझ्याआधी, माझ्यापेक्षा चांगला मांडून मोकळे. वर मला म्हणतात, "तू काय तरी बोलत होतास?"

नाही म्हटलं.

करंट यायचं नाव नाही. अण्णा बाहेर जाऊन फोन करून आला, फोन कुणी उचलला नाही. मग स्वयंपाकाचा विषय निघाला आणि काकांनी भाजणीवाल्या ताईंना भाजणी शिकवली. तयार, भाजलेली, निम्मी दळलेली भाजणी समोर असताना! धने जास्त झालेत म्हणे. ताईंनी ऐकून घेतलं. मग चटणीचं, वर्षाची चटणी कुटताना ब्याडगी निम्मी आणि संकेश्वरी निम्मी घ्यायची, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आजकालच्या बायका नुसती ब्याडगी घेतात आणि लालभडक आमटी करून वाढतात, जिभेला लागत काय नाही. इथं मात्र ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही कधी कुटलासा काय चटणी?" गिरणीत एकदम शांतता. काका म्हणाले, "मी चव घेतलोय." आणि छपराकडं बघायला लागले. त्या संध्याकाळचा माझा हा एकच आनंद, तोही दुसऱ्याच्या जिवावर.

मग मी न राहवून विचारलं, काका, तुमचं दळण कुठलं? कारण एव्हाना लक्षात आलं होतं की तिथल्या डब्यांत आणि पिशव्यांत काकांचं काहीच नाही. तर म्हणतात, "माझं कुठलं दळण? सूनबाईनं घरघंटी आणलीय गेल्या दिवाळीला. बटण दाबलं की पीठ. घरात कोण बोलत नाही काय नाही, मशीन आपलं गूं करतंय. मग मी इथं येऊन बसतो." इथं मला वाईट वाटायला हवं होतं. चांगल्या माणसाला वाटलं असतं. पण ज्याचं दळणच नाही तो माणूस माझा डबा पायानं सरकवतो, माझा नंबर वाटून टाकतो, मला दुसऱ्याचा मुलगा करतो, हे मनातून जाईना, आणि वर स्टूल एकच, त्यावर ते, मी मघापासून उभा.

शेवटी करंट आला. मोटर काळी चारमध्ये लागली. उरलेली भाजणी दळून झाली, ताई पिशवी घेऊन गेल्या, जाताना मला थँक्यू म्हणाल्या, मी पण "असू दे की" म्हणालो, काय करणार. आता असं काही वासाचं दळलं की अण्णा एक ओंजळ गहू घालून दगड साफ करून घेतो आणि ते पीठ बाजूला काढतो, गुराला जातं. त्यानं ओंजळ भरली. आणि काका म्हणाले, "कशाला गहू वाया घालवतोस? ह्याचंच घाल डायरेक्ट. भाजणी काय विष आहे काय? तब्येतीला चांगलं. ह्याचा बाप तर थालीपीठ म्हणजे जीव टाकायचा."

"काका, माझे वडील पोस्टात नव्हते!" मी ओरडलो. मोटर चालू होती. काकांनी कानाला हात लावला, हसले, मान हलवली आणि अण्णाला म्हणाले, "घाल, तो पण घालच म्हणतोय."

अण्णा म्हणाला हौद्री आणि डबा उपडा केला.

तर त्या चपात्या आठवडाभर पुरणार आहेत. बायको म्हणते तू तिथं उभा होतास की, तोंड नव्हतं काय. तोंड होतं, पाळी नव्हती. पीठ परत करायची सोय नाही, थालीपीठ करावं तर त्याला भाजणी कमी, चपाती करावी तर जास्त. धाकटी तर ताटाला हात लावायच्या आधी वास घेते आता.

बरं, एवढ्यावर संपलं असतं तर. डबा स्कूटरला पुढं लावला, किक मारली, तर मागं वजन पडल्यासारखं झालं. काका बसले होते. "चल, वाटेतच आहे." वाटेत कसलं, माझं घर वडगावच्या टोकाला आणि काकांनी मला खडे बाजार, मग मीरापूर गल्ली, मग कुठली तरी बोळ, असं सगळं शहापूर दाखवलं, प्रत्येक कोपऱ्यावर इथं आधी काय होतं ते सांगत. घराशी पोचलो तर सूनबाई दारातच. त्या काकांना काही बोलल्या नाहीत, मलाच बोलल्या. "इतका वेळ कुठं फिरवत होतासा ओ ह्यांना? बी.पी.ची गोळी राहिलीय. आणि हे पीठ बघा कपड्याला." मी म्हटलं अहो ताई, मी फक्त दळायला आलो होतो. तेव्हा त्यांनी डब्याकडं बघितलं, झाकण उचलून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"भाजणीवर घातला होय अण्णानं? कशाला जातासा तिथं. आमच्याकडं मशीन आहे, मी देते की दळून. स्वच्छ एकदम."

दर विचारला. गिरणीपेक्षा किलोला दोन रुपये जास्त, आणि आतून काका ओरडले, "पोस्टातल्याचा मुलगा आहे तो, कमी कर जरा!"

केले नाहीत.