आधी मुलांचं वय तरी विचारा की!

मुलांसाठी टीव्हीला लावायचं गेमचं यंत्र, म्हणजे कन्सोल, घ्यायला निघाले. तीन रविवार, चार दुकानं. आणि एकानेही विचारलं नाही की मुलं किती वर्षांची आहेत. बजेट किती, हे पहिल्या वाक्यात विचारलं. टीव्ही फोर-के आहे का, विचारलं. "मिस्टर नाही आले?" हेसुद्धा विचारलं, जणू मला नुसतं पैसे मोजायला पाठवलंय. पण ज्यांच्या हातात ते यंत्र जायचंय त्यांचं वय? ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत. मुलगा नुकताच पाच पूर्ण झाला. आम्ही शहापूरला राहतो. बेळगावचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, जूनपासून पोरं घरात कोंडलेली असतात, आणि पाऊस उघडला तरी गल्लीत दुचाक्यांमधून खेळायला जागा कुठाय? मग मोबाईल. एक पोरगं या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात, आणि भाजी कापायच्या गेमच्या मध्येच रमीची जाहिरात. पाच वर्षांच्या मुलाला रमी! त्या दिवशी ठरवलं, भिशी लागली की त्या पैशातून एक नीट कन्सोल घ्यायचा. हॉलमधल्या टीव्हीला लावायचा, दोघांनी मिळून माझ्या डोळ्यांसमोर खेळायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं. एवढंच मागणं होतं माझं.

पहिल्या दुकानात मुलगा हसतमुख. "अक्का, हा घ्या. पीएस फोर, जेलब्रेक करून ठेवलाय. चाळीस गेम आत भरून देतो, वरती एक रुपया नको. फक्त नेटला जोडायचा नाही आणि अपडेट मारायचं नाही." पीएस फोर म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४, आणि जेलब्रेक म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून फुकटचे गेम चालवायची सोय. म्हटलं, चाळीसमध्ये लहान मुलांचे कुठले? त्याने यादी पुढे केली. जीटीए, गॉड ऑफ वॉर, मॉर्टल कॉम्बॅट, कॉल ऑफ ड्यूटी, टेकन. सगळे मारामारीचे. म्हटलं, अहो, लहान मुलांचे. तर म्हणतो, "हेच खेळायलेत की ओ सगळी पोरं. काय होत नाही."

काय होत नाही?

गेल्या मे महिन्यात माझा मुलगा ओळखीच्या एका घरी दुपारभर होता. तिथला मोठा मुलगा जीटीए खेळत होता आणि हा शेजारी बसून बघत होता. संध्याकाळी घरी आला, तीनचाकी सायकल काढली आणि ओसरीवर निवडणं घेऊन बसलेल्या आजीच्या पायावर घातली. मुद्दाम. आणि खाली वाकून बघायला लागला. विचारलं, काय शोधतोस? म्हणाला, "आजी मेली की पैसे पडतात ना." त्या गेममध्ये रस्त्यावरचा माणूस मारला की त्याच्याजवळचे पैसे खाली पडतात, ते याने एका दुपारीत टिपलं होतं. सासूबाईंचा घोटा चार दिवस सुजला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण नातवाकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. आणि हा दुकानदार मला सांगतो, काय होत नाही!

गेमचं वय ठरवायचं काम जगात कधीच झालेलं आहे. अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी आहे, गेम कुठल्या वयासाठी हे ठरवणारी संस्था. युरोपात २००३ पासून तेच काम करणारी पेगी आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पेगीचा एक चौकोन असतो, त्यात आकडा असतो: ३, ७, १२, १६, १८. पहिले दोन हिरवे, मधले दोन नारिंगी, १८ लाल. सिग्नलचे रंग आहेत, आणखी सोपं काय करायचं? ज्या जीटीएचा पाचवा भाग हा मुलगा मला भरून देत होता त्यावर पेगीचा १८ आहे, ईएसआरबीचा एम आहे, म्हणजे सतरा वर्षांच्या पुढे. बनवणारे स्वतः तो आकडा छापून विकतात. मग मधला हा कोण, डबा फेकून देणारा? कारण नेमकं तेच होतं. चाळीस गेम हार्ड डिस्कवर ओतले की डबा राहत नाही, डबा नाही की आकडा नाही, आणि आईबापांना कळायला काही मागेच उरत नाही. सिनेमाला आपल्याकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे, आता यूए ७, यूए १३, यूए १६ असे भागही केलेत. 'ए' लिहिलेल्या सिनेमाला पाच वर्षांचं पोर घेऊन गेलं तर दारावरचा माणूस अडवतो. इथे उलट, दुकानदार स्वतः बोट धरून आत नेतो.

घरी आल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, आम्ही नाही का कॉन्ट्रा खेळलो? बिघडलो का?" नाही बिघडलात. आम्हीही खेळलोय. सुट्टीत निपाणीला मामाकडे कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, फुंकर मारून मारून ती कॅसेट लावायची आणि मारिओसाठी नंबर लावायचे. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या यंत्राची ती नक्कल होती आणि त्यातला बंदूकवाला माणूस बोटाच्या पेराएवढा, चार ठिपक्यांचा. मेला की नाहीसा व्हायचा. आज टीव्हीवर माणसाचा घाम दिसतो, किंकाळी ऐकू येते. दोन्हीला एकच नाव 'गेम' आहे म्हणून दोन्ही एकच झाले का?

दुसऱ्या दुकानात एक्सबॉक्स सीरिज एस दाखवला. तुलनेनं स्वस्त, दिसायलाही छोटा. मी घेणारच होते, पण खानापूरच्या मैत्रिणीला फोन केला, तिने दिवाळीत तोच घेतला होता. ती फोनवर रडकुंडीला आली. त्या यंत्राला डिस्क घालायची जागाच नाही, सगळे गेम नेटवरून उतरवायचे, एकेक गेम पन्नास-साठ जीबीचा असू शकतो. बरं, हे ज्याचं त्याला माहीत असेल तर ठीक. पण तिच्या दुकानदाराने तिला यंत्राबरोबर एक डिस्कसुद्धा विकली! ज्या यंत्राला डिस्क लागतच नाही त्याच्यासोबत! परत न्यायला गेली तर "सील फोडलंय, घेत नाही." मैत्रीण शिक्षिका आहे, खानापूरहून बसनं बेळगावला दोन फेऱ्या मारल्या तिने त्या डिस्कसाठी. ती डिस्क अजून तिच्या कपाटात आहे.

तिसऱ्या ठिकाणी स्विच, निन्टेंडो या जपानी कंपनीचा कन्सोल. लहान मुलांसाठी हाच बरा, हे तोपर्यंत मला रात्री जागून वाचून कळलं होतं. पण निन्टेंडो आपल्या देशात अधिकृतपणे विकत नाही, म्हणून जे येतं ते बाहेरून आणलेलं. मग किंमत दुकानदार म्हणेल ती, वॉरंटी तोंडी, बिल मागितलं तर चेहरा पडतो. त्याने काचेतून एक पिवळा काढला, स्विच लाईट. मी स्पष्ट विचारलं, टीव्हीला लागतो का? "लागतो की अक्का, केबल वेगळी घ्यायची." दोघं खेळू शकतात? "खेळतात की."

खोटं. सरळ सरळ खोटं. २०१९ साली आलेला तो लाईट टीव्हीला लागतच नाही, कुठलीही केबल घ्या. त्याचे कंट्रोलर सुटत नाहीत, म्हणजे साध्या स्विचमध्ये जसा एक तुकडा हिला, एक तुकडा त्याला देता येतो तसं इथे होत नाही. हात हलवून टेनिस, बॉलिंग खेळायचा जो स्विच स्पोर्ट्स आहे, तो लाईटवर तसाच खेळता येत नाही, सुटे कंट्रोलर वेगळे घ्यावे लागतात. मला एक यंत्र दोघांत हवं होतं आणि हा माणूस मला एकट्यानं कोपऱ्यात बसायचा मोबाईलच परत विकत होता, दहापट पैशात. नवा स्विच २ घेणाऱ्यांनीही जपून. जपानात विकायचं एक स्वस्त मॉडेल आहे, त्याची भाषा फक्त जपानी आहे, बदलता येत नाही. आणि स्विच २ च्या गेमची काही कार्डं अशी येतात की कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते, गेम नेटवरूनच उतरवायचा. आपल्या बाजारात कोण सांगणार आहे हे?

आता भाषेचं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण यावर कुणीच बोलत नाही.

माझी मुलगी मराठी वाचते. शाळेत कन्नड आहे, तेही अक्षर लावून वाचते. टीव्हीवरचं हिंदी कार्टून तिला समजतं. सात वर्षांची पोर तीन भाषा सांभाळते, आपल्या सीमाभागातलं कुठलंही पोर सांभाळतं, त्याचं आपल्याला काही वाटतही नाही. पण या कन्सोलच्या मेनूत ना मराठी, ना कन्नड. सगळं इंग्रजी, आणि तिचं इंग्रजी अजून सी-ए-टी कॅटपर्यंत आलंय. दुकानदार म्हणतो, "पोकेमॉन घ्या अक्का, कार्टून आहे, मुलांना आवडतंय." गेम वाईट नाही, आकडाही लहान आहे. पण त्यात पावलोपावली कुणीतरी भेटतं आणि चार ओळी बोलतं, ते वाचल्याशिवाय पुढं काय करायचं ते कळत नाही. म्हणजे भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं दर दोन मिनिटांनी मी हॉलमध्ये पळायचं, "आई, हा काय म्हणतोय?" झेल्डा नावाच्या गेमचंही तेच. अॅनिमल क्रॉसिंग तर किती गोड दिसतो, पण अख्खा गेम वाचण्यावर चालतो. आणि तो डब्यावरचा आकडासुद्धा हे सांगत नाही. पेगीचा ३ म्हणजे त्यात मुलांना बघू नये असं काही नाही, इतकंच. तीन वर्षांच्या मुलाला तो खेळता येईल असा त्याचा अर्थ नाहीच. अवघड किती, वाचायचं किती, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. मला हे कळायला तीन आठवडे लागले. रोज दहा आईबापांना विकणाऱ्याला एका वाक्यात सांगता आलं असतं.

आणि न वाचता खेळता येणारे गेम आहेत की! मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये लहानांसाठी अशी सोय आहे की गाडी आपोआप पुढे जाते आणि रस्त्याबाहेर जायला लागली तर आत वळते. पाच वर्षांचं पोरही शेवटपर्यंत पोचतं. सुपर मारिओ ब्रदर्स वंडरमध्ये योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतलं तर शत्रूचा धक्का लागून मरत नाही, म्हणजे धाकटा योशी, मोठी मारिओ, भांडण नाही. कर्बीचा फरगॉटन लँड दोघांनी मिळून खेळता येतो. ज्यांच्याकडे पीएस फाइव्ह आहे त्यांच्या यंत्रात अॅस्ट्रोज प्लेरूम आधीपासून फुकट असतो, मोठ्यांना पत्ताही नसतो आणि पोरांना जीटीए लावून देतात. हे सगळं मी एकटीनं शोधलं. भांडी आवरून, रात्री अकरानंतर.

वर नातेवाईक. "मुलीला कशाला गेम?" का? हात नाहीत तिला? प्रत्येक दुकानात "मुलाला आवडंल", "मुलगा खूश होईल". मी प्रत्येक वेळी सांगितलं, मुलगी मोठी आहे, तिच्यासाठी आधी. ऐकल्यासारखं करून पुन्हा मुलगा.

किती वेळ खेळू द्यायचं यावर सल्ले देणाऱ्यांना तर मी हात जोडलेत. बालरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची जी संघटना आहे ती सांगते, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको. मला मान्य आहे. स्विचचं एक अॅप फोनवर घेता येतं, रोजची मिनिटं लावून टाकली की वेळ संपल्याचं यंत्रच सांगतं, हवं तर गेम तिथेच थांबवतं. दुकानात विचारलं तर "तसलं काय नसतंय ओ". नसतंय! विकता ते यंत्र एकदा तरी उघडून बघा.

या सगळ्यात ह्यांचा धीर सुटला आणि मागच्या शुक्रवारी हे चौथ्या दुकानातून टीव्हीच्या मागे खोचायची ती गेमची काडी घेऊन आले. वीस हजार गेम म्हणे, दोन बिनतारी कंट्रोलर. वीस हजारांत तीच कॉन्ट्रा, तीच रणगाड्यांची लढाई नावं बदलून पानोपानी. बटण दाबल्यावर मारिओ जरा वेळानं उडतो, तोवर खड्ड्यात. पेन्सिल सेल दोन दिवसांत संपले. आणि शनिवारी सकाळी मुलगी यादीत खाली खाली जात एका मारामारीच्या गेमवर थांबली, त्यातल्या बायकांच्या अंगावर धड कपडे नव्हते. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. वीस हजारांतला एकसुद्धा कुणी मुलांसाठी म्हणून निवडलेला नव्हता.

भाऊ दुबईत आहे, गणपतीला येणार आहे. त्याला लिहून पाठवलंय: साधा स्विच, लाईट नको, बिल हवं, मारिओ कार्टचं कार्ड हवं, आणि कार्डाच्या डब्याचा फोटो आधी मला पाठव. तोपर्यंत पोरं पत्ते खेळतील.

काडी मी सेल काढून पिशवीत भरून ठेवली आहे. सोमवारी दुकान उघडायच्या आधी दारात उभी राहणार आहे. तो बदलून दुसरं काहीतरी घ्या म्हणेल. मला दुसरं काही नको. पैसे हवेत, रोख.