नॅक आलं की ग्रंथपाल आठवतो

ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. झालं, नेट झालं, पीएच.डी.सुद्धा झाली. तरी लग्नकार्यात भेटलेल्या काकांचं आपलं तेच, "दिवसभर पुस्तकं वाचत बसायचं, मजा आहे बुवा!" डोंबलाची मजा! कॉलेजचे ग्रंथपाल निवृत्त झाले की पद रिकामंच. किल्ल्या शिपायाकडे आणि 'प्रभारी' म्हणून इतिहासाचे सर. कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की मात्र धावाधाव. रातोरात बारकोड चिकटवा, 'कोहा' या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी भरा, ई-जर्नल्सचा वापर दाखवा. समितीची पाठ वळली की संगणकावर पुन्हा धूळ. ग्रंथालयशास्त्र शिकवायला जावं तर विभाग मोजके आणि काम तासिका तत्त्वावर. मानधन कधी येईल देव जाणे, सुट्टीत तर ठणठणगोपाळ. वर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालायला आम्हीच, आणि हाराचे पैसेही आमच्याच खिशातून!