खुलासा: क्लाउनफिशला समुद्रफूल लागतेच असे नाही

‘कार्यालयातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिश ठेवायचा, तर सोबत समुद्रफूल हवेच, नाहीतर मासा जगत नाही’ हा सध्या फिरत असलेला संदेश चुकीचा आहे. समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) हा फुलासारखा दिसणारा, दंश करणारा समुद्री प्राणी आहे. समुद्रात हा मासा शत्रूंपासून वाचण्यासाठी समुद्रफुलाच्या दंशपेशींचा आसरा घेतो. टाकीत शत्रूच नसतात, आणि माझ्याकडील जोडी तर पंपाशेजारच्या कोपऱ्यातच निवांत झोपते. उलट समुद्रफुलाला प्रखर प्रकाश व मुरलेली (काही महिने चालून पाणी स्थिरावलेली) टाकी लागते, शिवाय ते जागा बदलत सरकते आणि पंपात ओढले गेल्यास चिंध्या होऊन सगळे पाणी नासवते, जे सुट्टीच्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही. टाकीत समुद्रफुलाऐवजी काही ठेवायचेच असेल, तर कमी देखभालीत मशरूम किंवा लेदर जातीचे मऊ प्रवाळ तग धरतात. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.