‘२४ वर्षं, एक कप’: लेव्हीवरच्या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

डॅनियल लेव्हीनं ४ सप्टेंबर २०२५ ला टॉटनहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबचं अध्यक्षपद सोडलं आणि कोल्हापुरात पेठापेठांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला: ‘२४ वर्षं, एक कप. मालकानं खेळाडूंवर पैसा घातला नाही. स्टेडियमच्या कर्जात क्लब बुडवला. बेल, केन विकून खाल्ले. कप आणणाऱ्या कोचला हाकललं.’ पाच वाक्यं आहेत आणि त्यातलं शेवटचं एकच पूर्ण खरं आहे. लेव्हीवर राग असायला आमची काहीच हरकत नाही. पण ज्या कारणांनी तो असायला हवा, ती या मेसेजमध्ये जवळजवळ नाहीतच.

‘एक कप.’ कप दोन आहेत. २४ फेब्रुवारी २००८ ला वेम्बलीवर लीग कपच्या फायनलला चेल्सीला जादा वेळेत २-१ हरवलं. द्रोग्बाच्या फ्री किकनं पिछाडी, मग बर्बाटोव्हची पेनल्टी आणि वुडगेटचा हेडर. दुसरा कप २१ मे २०२५ चा, बिलबाओतला युरोपा लीग. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ४२ व्या मिनिटाला पापे सारचा क्रॉस आला, ब्रेनन जॉन्सन घुसला, ल्यूक शॉच्या हाताला लागलेला चेंडू कसाबसा रेषेपलीकडे गेला. दुसऱ्या हाफमध्ये हॉयलुंडचा हेडर रिकाम्या गोलात निघाला होता. व्हॅन डे व्हेननं हवेत आडवं होऊन तो रेषेवरून बाहेर मारला. म्हणून १-० टिकलं.

२४ वर्षांत दोन कप कमीच आहेत, यावर वाद नाही. पण टॉटनहॅम या काळात सात फायनल खेळलं. २००२, २००९, २०१५ आणि २०२१ चे लीग कप गेले, २०१९ ला माद्रिदमध्ये लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा, गेली. एफए कपची फायनल तर एकदाही गाठता आली नाही. आपल्याकडे कोल्हापुरात लीग संपली की एकामागून एक चषक स्पर्धा लागतात, तगड्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या कपाटात एका हंगामात दोन-तीन चषक येऊ शकतात. तो हिशेब तिथे लावून चालत नाही. तिथे वर्षाला लीग, दोन देशी कप (लीग कप, एफए कप) आणि पात्र ठरलात तर युरोप, एवढंच.

आधी काय होतं तेही बघा. १९९२-९३ पासून २०००-०१ पर्यंत नऊ हंगामांत टॉटनहॅम प्रीमियर लीगमध्ये सातवं ते पंधरावं, याच पट्ट्यात अडकलेलं होतं. २००९-१० ते २०१८-१९ या सलग दहा हंगामांत ते सहाव्याच्या खाली एकदाही घसरलं नाही. २०१६-१७ ला ८६ गुण मिळवूनही दुसरं राहिलं, कारण चेल्सीनं ९३ केले. ज्या क्लबानं २०१० पर्यंत चॅम्पियन्स लीगचं तोंड पाहिलं नव्हतं, तो तिथला नेहमीचा भिडू झाला.

‘मालकानं.’ लेव्ही कार्यकारी अध्यक्ष होता. क्लबचे ८६ टक्क्यांहून जास्त शेअर एनिक कंपनीकडे, आणि एनिकमधला मोठा वाटा लुईस कुटुंबाच्या ट्रस्टकडे. एनिकमध्ये लेव्ही कुटुंबाचा हिस्सा साधारण ३० टक्के. तालमीचा अध्यक्ष वेगळा आणि पेठेतला मोठा देणगीदार वेगळा, हे कोल्हापूरकराला फोड करून सांगायची गरज नाही. खिशातून किती घालायचे, याचा जाब विचारायचा तर त्यात लुईस कुटुंबाचं नाव आधी येतं.

आता सगळ्यात चुकीचं वाक्य: ‘स्टेडियमच्या कर्जात क्लब बुडवला.’ जुन्या व्हाइट हार्ट लेनमध्ये ३६ हजार माणूस बसायचा. नव्यात ६२,८५०, आणि त्यातल्या एकट्या साउथ स्टँडमध्ये, एका सलग उतारावर, १७,५००. एकाच मैदानावर लीग आणि सगळे चषक खेळवले की हंगामाच्या शेवटी गवताची काय गत होते, हे शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्याला चांगलं माहीत आहे. इथे त्यावर उपाय असा: गवताचं मैदान तीन तुकड्यांत बसवलंय, प्रत्येक तुकडा ३,००० टनांहून जड. अमेरिकन फुटबॉलची मॅच असली की तिन्ही तुकडे रुळांवरून साउथ स्टँडखाली सरकतात आणि खालचं कृत्रिम मैदान उघडं पडतं. टॉटनहॅमच्या खेळाडूंच्या गवतावर त्या धिप्पाड गड्यांचा पाय पडत नाही. मैदान भाड्यानंही देता येतं आणि शनिवारी पासिंगही नीट होतं.

कर्जाचं गणित असं. २०१९ ला बांधकामाचं कर्ज ६३.७ कोटी पौंड होतं. त्यातलं ५२.५ कोटी १५ ते ३० वर्षांच्या रोख्यांत फिरवलं, सरासरी मुदत २३ वर्षं, सरासरी व्याज २.६६ टक्के, तेही कायम दरानं. म्हणजे त्या भागावर वर्षाला साधारण १.४ कोटी व्याज. ऑगस्ट २०२३ ला इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचाच दर ५.२५ टक्के झाला होता. त्या वेळी कोणी हेच कर्ज ६ टक्क्यांनी काढलं असतं, तर व्याज तीन कोटींच्या वर गेलं असतं. समोर २०२२-२३ ला फक्त मॅचच्या दिवसांचं उत्पन्न ११.७ कोटींच्या आसपास. नंतर निव्वळ कर्ज वाढून २०२३-२४ ला ७७ कोटींवर गेलं हे खरं आहे, आणि त्यावर लक्ष ठेवायलाच हवं. पण लेव्हीच्या काळातल्या प्रीमियर लीगच्या तोट्याच्या नियमात, तीन वर्षांत १०.५ कोटींच्या मर्यादेत, स्टेडियमचा घसारा मोजतच नव्हते. स्टेडियममुळे खेळाडू घेता आले नाहीत, हा तर्क इथेच ढासळतो.

स्टेडियमबद्दल तक्रार करायचीच तर ती उशिराची करा. २०१८ च्या हंगामाच्या सुरुवातीला उघडायचं होतं. सुरक्षा यंत्रणेच्या वायरिंगमध्ये दोष निघाले आणि वरिष्ठ संघाची पहिली मॅच ३ एप्रिल २०१९ ला झाली. तोवर घरच्या बहुतेक मॅचेस वेम्बलीवर.

‘खेळाडूंवर पैसा घातला नाही.’ घातला. २०१९ ला एनडोम्बेले या मिडफिल्डरवर क्लबचा विक्रमी खर्च केला, आणि २०२४ ला त्याचा करार परस्परसंमतीनं संपवून त्याला फुकट सोडावं लागलं. रिशार्लिसन, ब्रेनन जॉन्सन, मग सोलांकेवर ६.५ कोटींपर्यंत. पैसा आखडला तो पगारात, आणि खरा आरोप हाच आहे. २०२३-२४ ला उत्पन्न ५२.८ कोटी, पगार सुमारे २२.२ कोटी, म्हणजे ४२ टक्के. लीगमधल्या बहुतेक क्लबांचा हा आकडा ५० ते ७० टक्क्यांत असतो.

याचा परिणाम मैदानावर कसा दिसतो तो समजून घ्या. ट्रान्सफर फी हिशेबात कराराच्या वर्षांवर वाटली जाते: ५ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर दरवर्षी १ कोटीच दिसतात. पगार मात्र पुरा त्याच वर्षात पडतो. म्हणून पगाराला हात आखडणारा क्लब २२-२३ वर्षांचा होतकरू पोरगा मोठी फी देऊन घेतो. २८ वर्षांचा तयार गडी, जो पहिल्याच शनिवारी मॅच काढून देईल, तो जास्त पगार देणाऱ्याकडे जातो. होतकरूंपैकी काही फुलतात, काही एनडोम्बेले होतात. शिवाय २०१८ चा उन्हाळा आणि २०१९ चा जानेवारी, खेळाडू खरेदीच्या सलग दोन खिडक्यांत एकही खेळाडू घेतला नाही, तेही तेव्हाचा कोच पोचेटिनोचा संघ ऐन भरात असताना. त्याच संघानं ॲमस्टरडॅममध्ये लुकास मोराच्या तीन गोलांवर चॅम्पियन्स लीगची फायनल गाठली. मेसेज लिहिणाऱ्यानं हे एक वाक्य घातलं असतं तर आम्हाला उत्तर सापडलं नसतं.

‘बेल, केन विकून खाल्ले.’ २०१३ ला गॅरेथ बेल विकून ८.५३ कोटी आले. त्या उन्हाळ्यात सात जण आले: सोल्दादो, पाउलिन्यो, शादली, कापू, किरिकेश, लामेला, एरिक्सन. पैसा खेळाडूंतच गेला. सातांपैकी एरिक्सन अव्वल निघाला, लामेला बरा, बाकीचे टिकले नाहीत. निवड चुकली म्हणा, खाल्ले म्हणू नका. हॅरी केनच्या करारात २०२३ ला एकच वर्ष उरलं होतं. धरून ठेवला असता तर २०२४ ला तो फुकट गेला असता. विकणं बरोबर होतं, तारीख चुकली. सौदा १२ ऑगस्टला जाहीर झाला आणि १३ ला ब्रेंटफर्डशी हंगामाची पहिली मॅच होती. २८० गोल करणाऱ्याच्या जागी अस्सल नऊ नंबर, म्हणजे मुख्य गोल करणारा, आला तो पुढच्या ऑगस्टला, सोलांके.

‘कप आणणाऱ्या कोचला हाकललं.’ हे खरं आहे. बिलबाओनंतर १६ दिवसांनी, ६ जूनला पोस्टेकोग्लूला काढलं. लीगमध्ये ३८ गुण आणि सतरावं स्थान होतं, त्यामुळे निर्णयामागचं कारण कळतं. २०२१ चं मात्र आम्हाला आजही पटत नाही. १८ एप्रिलला बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगची घोषणा, १९ ला कोच मोरिन्योची हकालपट्टी आणि २५ ला मँचेस्टर सिटीशी लीग कपची फायनल. सहा दिवस थांबता आलं असतं. डगआउटमध्ये २९ वर्षांचा रायन मेसन उभा केला, ज्यानं त्याआधी वरिष्ठ संघाची एकच मॅच सांभाळली होती. ८२ व्या मिनिटाला लापोर्टनं हेडर मारला आणि टॉटनहॅम १-० हरलं.