आधी शाळेच्या जागेचं बोला

नगर रोडनं वाघोलीकडे येताना होर्डिंग वाचत यायची मला सवय आहे. टू बीएचके, थ्री बीएचके, क्लबहाऊस, स्विमिंग पूल आणि खाली बारीक अक्षरात 'नामांकित शाळा 5 मिनिटांवर'. शाळा खरंच पाच मिनिटांवर असते, खोटं नाही. तिची फी होर्डिंगवर नसते एवढंच. आणि त्या टॉवरच्या विटा वाहणाऱ्यांची, गेटवर वॉचमन म्हणून बसणाऱ्यांची, त्याच फ्लॅटमध्ये धुणंभांडी करणाऱ्या बायकांची पोरं कुठं शिकतात, हे कुठल्याच होर्डिंगवर नसतं. ती आमच्या मराठी शाळेत येतात. मी शिकलो त्याच शाळेत.

कुठली शाळा ते मुद्दाम लिहीत नाही. पुण्याबाहेर कुठल्याही बाजूनं पडा, नगर रोड, सोलापूर रोड, सिंहगड रोड, हीच शाळा दिसेल. कौलं जाऊन पत्रे आलेले, पट दरवर्षी वाढतोय, दोन सत्रांत वर्ग भरतात, निर्लेखन झालेल्या, म्हणजे मोडीत काढलेल्या, खोल्या पाडल्यात आणि त्यांच्या जागी नव्या झालेल्या नाहीत.

गावाच्या ग्रुपवर सध्या नव्या इमारतीची चर्चा जोरात आहे. आमदार निधी आणू, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी, आणू, वर्गणी काढू, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घेऊ. उत्साह चांगलाच आहे. पण माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, मग शिव्या द्या. वाढत्या गावात शाळेसाठी पैसा ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. सरकारची समग्र शिक्षा योजना आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, सीएसआरवाले तर भिंतीवर नाव टाकायला मिळालं की खूश. अडतं ते जागेवर. आणि जागा मिळायची वेळ असते टॉवर उभे राहायच्या आधी. आपण जागे होतो ते टॉवरला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यावर.

थोडा हिशेब करू. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला 1 किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीला 3 किलोमीटरच्या आत. प्राथमिकला साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक, प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. हे सगळं कायद्याच्या परिशिष्टात आणि नियमांत आहे, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. आता पहिली ते सातवी, दोन-दोन तुकड्या धरा. 14 खोल्या, 420 मुलं. खोली 500 चौरस फुटांची धरली तर नुसत्या खोल्याच 7,000 चौरस फूट. व्हरांडा, जिने, कार्यालय, स्वयंपाकघर धरून दहा-अकरा हजार. तीन मजले केले तरी तळाला तीन-सव्वातीन गुंठे जातात. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटर, म्हणजे तेही सव्वाचार गुंठे. परिपाठाला जागा, झाडं, चारी बाजूंचं अंतर. अर्धा एकर म्हणजे काटकसर झाली. आणि 420 पोरं म्हणजे या भागातल्या मोठ्या टाऊनशिपच्या एका कोपऱ्यातली.

आमची जुनी शाळा ज्या जागेवर आहे ती आजोबांच्या पिढीतल्या एका शेतकऱ्यानं शब्दावर दिली. कागद नाही, बक्षीसपत्र नाही, फेरफार नाही. तेव्हा त्याची गरजही कुणाला वाटली नाही, ज्वारीचं रान होतं. आज सातबारा उघडला तर त्याच्या नातवंडांची नावं दिसतात आणि शाळेचा उल्लेख इतर हक्कातसुद्धा नाही. नातवंडं वाईट नाहीत, अजून कुणी एक शब्द बोललेलं नाही. पण गुंठ्याचा भाव जिथं जाऊन पोचलाय तिथं वारसांच्या चांगुलपणावर 14 खोल्या बांधायला कोणता अधिकारी सही करील? मालकी स्पष्ट नाही म्हणून फाईल परत येते आणि गावात बोंब होते की निधी परत गेला. मालकीच नाही तर निधी पडणार कुठं?

आता जागा गेली कुठं, ते बघा. इथं खरी गंमत आहे. विकास आराखडा असेल तर त्यात शाळेचं आरक्षण पडतं, रंग भरून, नंबर देऊन. आमच्या पट्ट्याला तो आराखडाच नव्हता. होती ती प्रादेशिक योजना, 1997 साली मंजूर झालेली. प्रादेशिक योजना ढोबळ असते. हा शेती विभाग, हा रहिवास विभाग, हा रस्ता. तुमच्या गावच्या कुठल्या गटात शाळा, कुठल्या गटात दवाखाना, हे ती ठरवत नाही. 2015 ला पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आली. तिचा प्रारूप आराखडा 2021 ला प्रसिद्ध झाला, हजारोंनी हरकती गेल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2025 मध्ये शासनानं तो आराखडाच रद्द केला. या सगळ्या वर्षांत बांधकाम परवानग्या एक दिवस थांबल्या नाहीत. आराखडा नसताना शहर वसलं. आता आराखडा होईल तो झालेल्या इमारतींच्या मधल्या फटींचा.

त्यात गुंठेवारी. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले की लेआऊट मंजुरीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे मोकळी जागा सोडायचा प्रश्न येत नाही, नऊ फुटी बोळ सोडला की काम झालं. नंतर नियमितीकरण. 2001 चा गुंठेवारी कायदा होताच, 2021 ला त्याची मुदत 2020 अखेरपर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिली. लोकांची घरं पाडा असं मी म्हणत नाही, त्यातले निम्मे माझ्याच ओळखीचे आहेत. पण घर नियमित करता येतं, न सोडलेलं मैदान नियमित करता येत नाही.

गायरान म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालानंतर राज्यानं 12 जुलै 2011 ला शासन निर्णय काढला. गायरान खासगी कामाला द्यायचं नाही, सार्वजनिक कामाला द्यायचं तेही दुसरी जागा नसेल तर. म्हणजे शाळेला वाट शिल्लक आहे. पण कितीतरी गावांत गायरान कागदावर मोकळं आणि जाग्यावर भरलेलं.

राहिली ती ॲमेनिटी स्पेस. मोठा लेआऊट मंजूर करताना विकसकाला सार्वजनिक सुविधेसाठी जागा ठेवावी लागते. आमच्यासारख्या भागात सरकारी शाळेला जमीन मिळायची ही जवळजवळ एकमेव वाट आहे, आणि तीच आपल्याला माहीत नाही. ॲमेनिटी म्हणजे शाळाच असं कुठं लिहिलेलं नाही. दवाखाना, मंडई, उद्यान, अग्निशमन केंद्र, काहीही. जो आधी मागेल त्याचं. 2021 मध्ये पुणे महापालिकेत अशा जागा दीर्घ मुदतीनं भाड्याला देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला विरोध झाला, चर्चा झाली, बातम्या आल्या. चांगलं झालं. पण तेवढ्या गदारोळातसुद्धा कुठल्या पालक संघटनेनं 'यातल्या एवढ्या जागा शाळांना लिहून द्या' अशी यादी ठेवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

कोण ठेवणार? 30 जून 2021 ला 23 गावं महापालिकेत गेली, वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे सगळी. ग्रामपंचायत गेली. मार्च 2022 ला महापालिकेचीही मुदत संपली आणि प्रशासक बसला तो जवळपास चार वर्षं. म्हणजे तेवढा काळ सरपंच नाही, नगरसेवक नाही. शाळा जिल्हा परिषदेची की महापालिकेची, इथपासून तिढा. छप्पर गळतंय हे सांगायला गेलं की महापालिका म्हणणार हस्तांतरण बाकी आहे, जिल्हा परिषद म्हणणार आमच्याकडून झालंय.

आणि एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. ज्यांची मुलं या शाळेत आहेत त्यांची मतं इथं नाहीत. आई-बाप बीडचे, नांदेडचे, यवतमाळचे, बिहारचे. भाड्यानं राहतात, साईट संपली की हलतात. ज्यांची मतं इथं आहेत त्यांची मुलं पिवळ्या बसनं जातात. सोसायट्यांचे मोर्चे निघतात पाण्यासाठी, रस्त्यासाठी, टँकरच्या बिलासाठी, आणि ते बरोबरच आहेत. मराठी शाळेसाठी सोसायटीतून मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. आम्ही गाववाले तरी वेगळं काय करतो? जत्रेला वर्गणी भरपूर, शाळेला रंग देऊन टाकू.

'वाबळेवाडीसारखी शाळा करू' असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गाजलेली वाबळेवाडी आमच्याच रस्त्यावर, पुढं शिरूर तालुक्यात. तिथल्या लोकांनी स्वतः जमीन दिली, पदरमोड केली, मान्य. पण ती वाडी आहे, तिथं प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. आमच्याकडे समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं ठाऊक नाही. वाडीचं मॉडेल शहराच्या तोंडावरच्या गावाला लावून चालत नाही, इथं यंत्रणेलाच काम करायला लावावं लागतं. याच वाघोलीत 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं लातूर-धाराशिवकडची सुमारे 1,200 मुलं सांभाळली, शिकवली, हे नव्यानं राहायला आलेल्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. तेव्हा इथं जागा होती.

वर शासनाचं गणित सरासरीचं. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, असं 2023 ला ठरलं, त्यात नमुना म्हणून दाखवली ती आपल्याच जिल्ह्यातली पानशेतची. म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरात खोल्या आहेत, मुलं नाहीत. आमच्याकडे मुलं आहेत, खोल्या नाहीत. जिल्ह्याची बेरीज केली की सगळं ठीक दिसतं.

शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के मोफत जागांचं काय, असं विचाराल. फेब्रुवारी 2024 ला शासनानं अधिसूचना काढली की 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्के जागा द्यायची गरज नाही. जुलै 2024 ला उच्च न्यायालयानं ती रद्द केली म्हणून बरं. नाहीतर आमची ही पत्र्याची, दोन सत्रांत भरणारी शाळा नकाशावर 'शाळा उपलब्ध' म्हणून मोजली गेली असती आणि आजूबाजूच्या सगळ्या एसी शाळा मोकळ्या झाल्या असत्या. 25 टक्के राहिलेच पाहिजेत. पण ते प्रवेशाच्या वर्गालाच. चौथीत असलेलं पोरगं बापाबरोबर नव्या साईटवर आलं तर त्याला आमचीच शाळा.

म्हणून मेळावा, रंगरंगोटी, वर्गणी हे सगळं नंतर. आधी तीन कामं. जुन्या शाळेच्या जागेचं नोंदणीकृत बक्षीसपत्र, त्या नातवंडांना सन्मानानं बोलावून, आजोबांचं नाव शाळेला देऊन, आणि लगेच फेरफार. दुसरं, माहिती अधिकारात एकच अर्ज: या गावच्या हद्दीत मंजूर लेआऊटमधल्या ॲमेनिटी स्पेस किती, कुठल्या गटात, कुणाच्या ताब्यात. ज्या ताब्यात आल्या नाहीत त्यांचा ताबा आधी, आणि त्यातल्या अर्ध्या एकराच्या वरच्या दोन तरी शाळेसाठी लिहून घ्या. तिसरं, नवा आराखडा येईल तेव्हा हरकती-सूचनांना कायद्यानं 30 दिवस मिळतात. तेव्हा धावपळ नको, गट नंबरसह सूचना आजच तयार ठेवायची. आरक्षण पडलं म्हणूनही झोपायचं नाही. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम 127 वाचा. 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो, त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. शहरातल्या कितीतरी शाळा अशा नकाशातून पुसल्या गेल्यात.

नवीन नगरसेवकांना पहिल्या वर्षात हे पटवलं तर होईल. शेवटच्या वर्षात ते नारळ फोडायच्या मूडमध्ये असतात.

सोसायटीत राहणाऱ्या मित्रांना एक काम. तुमच्या फ्लॅटच्या कागदांत मंजूर लेआऊटचा नकाशा असतो. त्यात ॲमेनिटी स्पेस म्हणून दाखवलेला तुकडा शोधा, आज तिथं काय आहे ते बघा, सेल्स ऑफिस, पार्किंग, लॉन, काहीही असो, आणि गट नंबर, क्षेत्रफळ इथं खाली लिहा. फोटो असला तर उत्तम. यादी मी करतो. पुढच्या आठवड्यात ती घेऊन जायचंय, कोण कोण येणार तेही सांगा.