‘टाटा’ म्हणण्यात टाटांचा हात नाही

‘निरोप घेताना आपण टाटा म्हणतो तो टाटा कंपनीमुळे. ट्रकच्या मागे हे नाव वाचून पोरं हात हलवायची, पुढे इंग्रजांनीही तो शब्द उचलला.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. वाचायला गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत.

आधी ट्रक घेऊ. ते बनवणारी टाटांची कंपनी, टेल्को, स्थापन झाली १९४५ साली. ट्रक आले १९५४मध्ये, जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार झाल्यावर, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा मिरवत होता. त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बीबीसी रेडिओवरच्या ‘इट्स दॅट मॅन अगेन’ या विनोदी कार्यक्रमातली मिसेस मॉप जाता जाता ‘टीटीएफएन’ म्हणायची. म्हणजे ‘टा-टा फॉर नाऊ’. ऐकणाऱ्यांना ते समजावून सांगावं लागत नव्हतं, कारण टा-टा त्यांच्या तोंडात आधीपासून होताच.

बरं, ट्रक सोडा, कंपनी तर जुनी आहे ना? जमशेटजींनी पेढी काढली १८६८ साली आणि त्यांचा जन्म १८३९चा. इंग्रजीत टा-टाची लेखी नोंद मात्र १८२३ची आहे. जमशेटजी जन्मायच्या सोळा वर्षं आधी! खरं तर वाद इथेच संपतो.

इंग्रजांनी आपल्याकडून काही घेतलंच नाही असं मुळीच नाही. शांपू, पायजमा, बंगला हे शब्द इथूनच तिकडे गेले. पण टा-टाची ती पहिली नोंद लहान मुलाच्या बोलण्यातली आहे, आणि बोबड्या बोलाला कुठून आयात करावं लागत नाही. बाबा, मामा, काका, दादा अशा जोड्या सगळीकडेच असतात. पोलिश भाषेत ‘ताता’ म्हणजे बाप, तेलुगूत ‘ताता’ म्हणजे आजोबा. म्हणून पोलंड आणि आंध्र एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत. पारशी आडनाव आणि इंग्रजी निरोप यांचंही तसंच, उच्चार तेवढा जुळला.

या मजकुरात खरा अंश इतकाच, की ट्रकच्या पाठीवर ‘ओके टाटा’ रंगवलेलं असतं आणि ते वाचून निरोप आठवतो. तो श्लेष अस्सल इथला. ‘ओके टाटा बाय बाय’ मधला ‘बाय बाय’सुद्धा टाटांनीच शोधला, असं अजून कुणी पाठवलेलं नाही. येईलच.